घासून काढलेली रेघ

कसबा पेठ, पुणे
१४ जून २०१७

ति. मंदाताईस,
अनंताचा नमस्कार. इकडे ठीक. हिचा गुडघा तेवढा दुखतो. खाली उतरून पाणीवाल्याशी भांडायचं असलं की दुखत नाही.

कालपासून तुला तीनदा फोन केला आणि तीनदा आंब्यांचे भाव विचारून ठेवला. पासष्टीच्या माणसाला लाज वाटावी. वाटली, म्हणून लिहितोय.

तुझा आमोद सांगत होता, डॉक्टरांविरुद्धची तक्रार सोमवारी देणार. ऑपरेशनला पाच आठवडे झाले, कादंबरी अजून तुला आई म्हणत नाही. चहा हवा असला तरी बोट दाखवते. वक्तृत्वाची बक्षिसं आणणारी पोर! तुझा संताप मला कळतो गं. पण आधी हे वाच.

गणपतीचे साचे बंद केल्यावर मी बिबवेवाडीला संतोषकडे लागलो, ते तुला ठाऊक आहे. स्कॅनवरून यंत्र मेंदूचं मॉडेल छापतं. त्याला आधाराला छापलेले टेकू कापायचे, खडबडीत भाग घासायचा, हे माझं काम. मग डॉक्टर ते हातात घेऊन कुठून शिरायचं ते ठरवतात. कादंबरीचं मॉडेल आलं तेव्हा मी बजावलं, आमच्या पोरीचं आहे, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

गाठीच्या कडेनं एक रेघ होती, शेवईएवढी. मला वाटलं, टेकूचा तुकडा राहिलाय. शंका आली तर संतोषला विचारायचं, असा तिथला नियम. मी विचारलं नाही. चाळीस वर्षं मूर्तींवर हात फिरवलाय, मी कुणाला काय विचारायचं! पॉलिश पेपर घेतला आणि साफ केली. डॉक्टरसुद्धा म्हणाले, काम सुबक आहे.

ताई, ती शीर होती. बोलण्याच्या जागेला रक्त नेणारी. काल संतोषनं संगणकावर मूळ चित्र दाखवलं, त्यात ती आहे. डॉक्टरांच्या हातात मी दिलेल्या मॉडेलवर नव्हती. त्यांनीही स्कॅन पुन्हा बघायला हवा होता, असं संतोष म्हणतो. मला धीर द्यायला म्हणत असेल.

चित्राची प्रत सोबत ठेवलीय. तक्रारीत पहिलं नाव माझं घाल, मी सही करीन.

कादंबरीला हे तूच वाचून दाखव. तिला सगळं समजतं. मी समोर असलो तर ती मला एक शिवीसुद्धा देऊ शकणार नाही, आणि ते माझ्यानं बघवणार नाही.

अजून म्हणू देत असशील तर, तुझा भाऊ
अनंता