वैजू, रिपोर्ट निल होता

प्रिय वैजू,

आज तुझ्या ऑफिसातली रेणुका अंबरपेठला घरी आली होती, तुझ्या टेबलातलं सामान घेऊन. चहा घेताना बोलून गेली, "अक्का, तुमच्या पल्लवीच्या लग्नाच्या महिनाभर आधीपासून वैजूची हाडं दुखत होती. मला म्हणायची, अक्काकि चेप्पकु, अक्काला सांगू नकोस."

म्हणून हे पत्र. चार महिन्यांपूर्वी कळलं असतं तर तुझा हात धरून विचारलं असतं!

रक्ताच्या कॅन्सरने दगा दिला, ते मी गिळलं. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं होतं ना? प्रतिपिंडं बनवणारी रक्तातली प्रत्येक पेशी आपली जनुकं कापून नव्याने जोडते, प्रत्येकीची जोडणी वेगळी. तुझी एक पेशी बिघडली आणि तिच्या लाखो पिल्लांत तीच जोडणी उतरली. उपचारानंतर हाडातल्या मज्जेत त्या जोडणीची खूण शोधायची. शोधली, सापडली नाही, रिपोर्ट निल! सिकंदराबादच्या अख्ख्या ऑफिसला तू खुबानीका मीठा खिलवलास.

लग्नानंतर चौथ्या दिवशी तू कोसळलीस. डॉक्टर म्हणाले, "पेशींनी जोडणीच बदलली. आम्ही जुनी खूण शोधत राहिलो."

त्या तपासणीला कळलं नाही. पण तुला तर कळत होतं!

"चेहरा उतरलाय गं," मी दोनदा म्हटलं. "रिपोर्ट निल आहे ना अक्का, परेशान नको होऊ." हळदीला उकाड्यात पूर्ण बाह्यांचा ब्लाउज! 'फॅशन आहे' म्हणालीस आणि मी हसले. बाहीखाली काळेनिळे डाग होते ना?

आई गेली तेव्हा सहा वर्षांची होतीस, मी वाढवलं तुला. माझ्या मुलीचं लग्न पुढे ढकललं असतं, त्यात काय होतं? कोणी मागितला होता तुझा हा त्याग?

लवकर कळलं असतं तर वाचली असतीस? डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. हे उत्तर घेऊन आता मी जगायचं. तू सुटलीस!

रविवारी पल्लवी येतेय. लग्नाचे फोटो काढून तुलाच बघत बसते. तिला मी हे कधीच कळू देणार नाही, हे माझं वचन. तुला माफ केलं म्हणून नाही. आपल्या लग्नापायी मावशी गेली, असं त्या पोरीला कधी वाटू नये म्हणून.

तुझ्यावर फार रागावलेली,
अक्का