लालीचं दावं

कुडवा, गोंदिया
१२ जानेवारी २०२४

ति. बाबांस,
प्रेमिलाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की शेजारी खिडकीत येतात, म्हणून पुन्हा कागदच बरा. दामिनीची परीक्षा जवळ आली, पण पोरीचं अर्धं लक्ष तुमच्याकडे, लाली घोडीच्या पाठीवर. तुमचा खोकला कसा आहे? तुमच्या शेजारचा स्वप्निल सांगत होता, आजोबा गोंदियाला डॉक्टरकडे येऊन गेले. मग लेकीकडे काऊन नाही आलात?

मारवाडी घोड्यांची जोडी आणि गावठी तट्टू विकलेत असंही कळलं. धंदाच तो तुमचा. तांबडं जनावर दिसलं की घ्यायचं, चारून-पुसून विकायचं. पण लालीला विकू नका. आईनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. आईचं म्हणावं असं तेवढंच उरलं आहे.

जपून राहा. आशीर्वादाचा हात डोक्यावर असू द्या.
तुमची प्रेमिला


सडक अर्जुनी
२० जानेवारी २०२४

चि. प्रेमिलास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दामिनीला म्हणावं, घोडीवर बसून पास होता येत नाही. डॉक्टरनं खोकल्याचं औषध दिलं, बाकी काही नाही.

राग येईल, पण सांगतो. लाली दिली. तुझ्याच कुडव्याच्या दुर्गाप्रसादला, वरातीला घोडी भाड्यानं देतो त्याला. वरातवाले पांढरीच मागतात. मी म्हटलं, पांढरीचे नखरे पुरे झाले, ही काठेवाडी रक्ताची तांबडी बघ. दोनदा त्याच्या घरी जाऊन आलो. गोठा कोरडा आहे, माणूस दारू पीत नाही. तुझं लग्न जमवतानाही मी इतकं पाहिलं नव्हतं.

रागासोबत थोडी मायाही ठेव.
तुझा बाबा


कुडवा
२४ फेब्रुवारी २०२४

ति. बाबांस सा. न. वि. वि.

महिनाभर मुद्दामच लिहिलं नाही. दोनदा कुडव्यात आलात आणि माझ्या दारात पाऊल नाही!

परवा गल्लीतून वरात गेली. डीजेच्या मागे लाली. मी आईसारखी जिभेनं टचटच केली, तर ती नवरदेवासकट वळली. लोक हसले, मला रडू आवरेना.

सकाळी गूळ घेऊन दुर्गाप्रसादकडे गेले. लाली आईच्या हातच्या दाव्याला बांधलेली, तेच लुगड्याचा लाल काठ घालून वळलेलं. जनावर विकलं तरी दावं देत नाहीत, ते आपल्या खुंटीला राहतं म्हणजे पुढचं जनावर येतं. आईनं हा नेम कधी मोडला नाही. दुर्गाप्रसाद म्हणाला, तुमच्या बाबांनी, चैतरामजींनी स्वतः हातात दिलं. मी सांगितलं, बाबांचं वय झालं, विसरले असतील. भला माणूस, त्यानं नवी दोरी बांधून ते मला दिलं. स्वप्निलसोबत पाठवते आहे. खुंटीला टांगा. उन्हाळ्यात नवं तांबडं शिंगरू आणा आणि दामिनीला बोलवा.

कमीजास्त बोलले असेन तर पोटात घाला.
तुमची प्रेमिला


सडक अर्जुनी
३ मार्च २०२४

चि. प्रेमिलास अनेक आशीर्वाद.

दावं मिळालं. स्वप्निलनंच टांगलं, माझा हात आता तेवढा वर जात नाही.

मी विसरलो नव्हतो, पोरी. पुढचं जनावर यावं म्हणून दावं ठेवायचं. डॉक्टरनं छातीचा फोटो पाहून सांगितलं की पुढचा पावसाळा कठीण आहे. तुझ्या दारी आलो असतो तर तू तोंड पाहूनच ओळखलं असतंस. माझ्यामागे लाली कोणाच्या हाती पडेल, या काळजीनं घर बघून तिला दिलं आणि दावंही देऊन टाकलं. रिकामी खुंटी पाहून निवांत झोप लागत होती. आता ते पुन्हा लटकलं आहे आणि सकाळी उठलो की मी चाऱ्याची टोपली शोधतो.

तुझ्यावर राग नाही. आईचा नेम तूही पाळलास. परत नेऊ नको, राहू दे. खुंटीला दावं असलं की दारात कोणीतरी येतंच, असं ती म्हणायची. तेव्हा तू ये, दामिनीला घेऊन ये, आणि उन्हाळ्याची वाट पाहू नको.

येताना गूळ आण. अर्धा लालीला देऊन ये, अर्धा मला पुरेल.

लोभ आहे तसाच राहू दे, मी असो-नसो.
तुझा बाबा