आत्याची चाल

महाल, नागपूर
५ जानेवारी

चि. प्रणालीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसती हो हो करते, म्हणून लिहून राहिली. पुण्यात तू हातानं चित्रं काढून माणसं चालवायले शिकून राहिली, बरं हाय. पण त्याच्यासाठी माझा उठता-चालतानाचा व्हिडिओ कायले पाहिजे वं? पुण्यातल्या बायका काय उडतेत? तरी सून काजलनं काढला. करवतकाठी नेसली, पावडर लावली, दारात उभी राहिली. बिलकुल हलली नाही. फोटो काढताना हलू नये, एवढी अक्कल मले हाय. काजल मात्र तोंडात पदर कोंबून हासून राहिली.

चेंडू जमिनीवर आपटला की चपटा काढा, उसळला की लांबट, हे शिकायले तुझ्या बापानं फी भरली? आमच्या पोट्ट्यायनं फुकटात चपटे केले.

आशीर्वाद हायेच, वेळेवर जेवत जाय.

तुझी वच्छलाआत्या

पुणे
१९ जानेवारी

ती. आत्यास प्रणालीचा सा. न. वि. वि.

व्हिडिओ पाहिला. तुझ्यापेक्षा मागचं कॅलेंडर जास्त हललं.

सर म्हणतेत, माझी चित्रातली म्हातारी चालत नाही, तरंगते. वजन कोणत्याच पायावर पडत नाही. उठायच्या आधी माणूस वाकते, हात टेकते, मग उठते. थे दिसलं पाहिजे. नाही जमलं तं वर्ष गेलं, अन् बाबा मले कळमेश्वरच्या कंपनीत चिकटवतीन.

म्हणून रागावू नको. काजलवहिनीनं तुले न सांगता दुसरा व्हिडिओ काढला. तू मांजरीमागं लाटणं घेऊन धावली, थो. आता रोज तुलेच काढून राहिली.

राग येईन तेवढाच लोभ ठेव.

तुझी प्रणाली

महाल, नागपूर
२ मार्च

चि. प्रणालीस आशीर्वाद.

पास झाली, पेढे वाटले. आता भांडण. मांजरीनं दूध सांडलं म्हणून मी उठली, थे तू साऱ्या पुण्याले दाखवलं? लाटणं फेकायच्या आधी हात मागं जाते, हे तुझ्या सरायले लय आवडलं म्हणे. त्यायले कोणी फेकून मारलं नसन. अन् कंबर एवढी रुंद काहून काढली?

पंकजनं तुझी फिल्म पाहिली. आधी लय हासला. मग परत लावली. विचारे, आई डावा पाय पुरा टेकवत काहून नाही. पोटचा पोरगा, रोज माझ्या हातचं जेवते, अन् त्याले हे कागदावर दिसलं! उगाच दवाखाना नको म्हणून मी बोलली नव्हती. पहिल्या व्हिडिओत खांबावानी उभी राहिली, थेही पाय दिसू नये म्हणूनच.

काल धंतोलीत डॉक्टरकडं नेलं. गुडघा झिजला म्हणे. पट्टा दिला, खाली बसणं बंद. आता टेबलाशी बसून पोळ्या लाटते. मांजर समोर बसून दूध पिते, मले पाहून हालतही नाही.

पुढच्या वेळी तिले चालव. अन् माझी कंबर सुधार, मग लोभाचं पाहू.

तुझी वच्छलाआत्या