अव्वाची चटणी आणि सहा लिव्हरचं कुलूप

१० मार्च १९७४
मैंदर्गीहून परतलो. अव्वाचं दिवसकार्य सगळं आटोपलं. कॉलेजात दोन तास बसलो. गावाहून निघताना वहिनीनं अव्वाच्या हातची शेंगाचटणी दिली, पत्र्याच्या डब्यात. हीच शेवटची. ट्रंकेत ठेवली. परीक्षा संपल्यावर खायची, तोवर हात लावायचा नाही. रडणं वगैरे माझ्या स्वभावात नाही.

११ मार्च
रूम पार्टनर कासीम, मोहोळचा, ट्रंकेपाशी उभा होता. म्हणाला, आईच्या हातची व्हय? लई झ्याक वास सुटलाय की. आज वास घेतो, उद्या काय घेईल सांगता येत नाही. बाजारातून सहा लिव्हरचं कुलूप आणलं. आता काळजी नाही.

१४ मार्च
झोप नीट नाही. डब्याला दोराही बांधला, माझ्या खास गाठीचा. कासीमनं विचारलं, आत सोनं हाय का रे? मी गंभीर राहिलो.

२० मार्च
दोरा जसाच्या तसा. म्हणजे त्याला माझी गाठ मारता येते. सावध राहायला हवं.
वहिनी गावाहून माझा जेवणाचा डबा सकाळच्या एसटीत ड्रायव्हरजवळ ठेवते. कासीम स्टँडवरून आणून देतो. त्याला कुलूप नसतं. भाकरी कधी कमी भरली नाही. पण भाकरीची गोष्ट वेगळी.

२ एप्रिल
ट्रंकेवर भरवसा नाही. चटणी माळ्यावर हलवली, छताच्या पत्र्याला लागून, जुन्या पुस्तकांमागं. तिथं इतकं तापतं की कुणी चढणार नाही. ही युक्ती सुचायला डोकं लागतं. ट्रंकेचं कुलूप तसंच ठेवलंय, फसवण्यासाठी.

५ एप्रिल
किल्ली गायब. ट्रंक रिकामी असली तरी प्रकार गंभीर. कासीमला सरळ विचारलं. तो म्हणाला, शिवयोगी, किल्ली तुझ्या करगोट्याला हाय की. आंघोळीला बसलास की वाजती, साऱ्या चाळीला ऐकू येती. घरमालकीण निंगव्वा दारात पदर तोंडाला लावून हसत होती.
माफी मागायची ठरवली. उद्या.

१२ एप्रिल
माफीचं राहिलं, अभ्यास फार आहे. कासीम म्हणाला, दाण्याची चटणी या उन्हात टिकत न्हाय, खाऊन घे बाबा, वरनं वास यायला लागलाय. म्हणजे याला जागा कळली! असली गोड भाषा मी ओळखतो. वर अजून दोन पुस्तकं रचली.

२६ एप्रिल
शेवटचा पेपर झाला. परत आलो तर कासीम मोहोळला निघून गेलेला. निंगव्वा म्हणाली, पुढच्या वर्षी दुसरी खोली बघतो म्हणाला पोरगा. तुजा जेवणाचा डबा तेवढा स्टँडवरनं आणून ठेवून गेलाय.
त्याला पत्र लिहावं का? पत्ता विचारायचा राहिला.
माळ्यावरून चटणी काढली. गाठ माझीच होती. दोरा कापला. वरून अव्वानं बोटांनी दाबलेलं तसंच, चारही बोटं दिसतात. कुणी हात लावलेला नाही. तेल सुटून वर आलंय.
दार लावून घेतलं. भाकरी मोडली, चटणी घेतली.
खवट झालीय. दुसरी भाकरी घेतली.