वनमालाच्या मागचं आभाळ

२ मार्च
वनमालाचं वर्षश्राद्ध वीस तारखेला. बॅनर सांगायला नेकनूरला सुग्रीवच्या स्टुडिओत गेलो. त्याने तिच्या फोटोमागे बर्फाचे डोंगर लावून दाखवले. म्हटलं, आमच्या लग्नानंतर ती परळीच्या पुढे कधी गेली नाही. तर म्हणे, "आता तरी काकूला जाऊ द्या की, सर!"
हसलो नाही. मागचं आभाळ मी स्वतः काढणार. कपिलधारचं, भरून आलेलं. आभाळ आलं की ती म्हणायची, देव खाली उतरलाय, चहा टाकते. मी भूगोल शिकवतो. ढगांचं मला कळतं.

३ मार्च
संकल्प. रोज पहाटे उठून आभाळ पाहणे. लँडस्केपचे व्हिडिओ बघणे. रडणे नाही. भिवराआक्का रोज फोन करून म्हणते, एकदा रड बाबा, मोकळा हो. मी मोकळाच आहे. थोरल्या बहिणींना उगाच काळजी.

६ मार्च
उठलो नाही. आभाळ निरभ्र असल्याचं अंथरुणातूनच कळत होतं.

९ मार्च, रविवार
कपिलधार. धबधब्याला पाणी नाही. मार्चमध्ये नसतंच, मला माहीत होतं. मला आभाळ हवं होतं. तेही नव्हतं.
दर्शनाला आलेल्या लोकांनी मला फोटोवाला समजून त्यांच्या मोबाईलवर ग्रुप फोटो काढायला लावले. एक म्हातारी म्हणाली, "माझे डोळे मिटले, परत काढ." परत काढला. परत मिटले.
घरी येऊन पाहिलं तर माझ्या मोबाईलवर एकच फोटो. माझ्या बोटाचा. उजेड मात्र चांगला आलाय.

१४ मार्च
ढग आले! मोटारसायकल काढली. पोचेपर्यंत गेले.
धाकटा भाऊ भारत चिडला. "दादा, आमचा कडबा उघड्यावर हाय. आमी पावसाला हात जोडायलोत, येऊ नको म्हणून. अन् तू बोलवायलास?"
म्हटलं, विश्वास ठेव. कशावर, ते सांगितलं नाही.

१७ मार्च
मिळालं! कड्यावर करडं, जड, अगदी खाली झुकलेलं आभाळ. फोटो काढला. तिला दाखवायला मोबाईल मागे वळवला. मागे बकरी होती.
बाकी सगळं उत्तम. सुग्रीवला पाठवला. बर्फ हरला.

१९ मार्च
बॅनर आला. तिच्या मागे निळंशार आभाळ. सुग्रीव म्हणाला, "सर, लई अंधार होता तुमच्या फोटोत. साफ करून दिला. वरून चार बगळे टाकले, फ्री."
चांगला झापला त्याला. बहुतेक मनातल्या मनात. उद्या एकेकाला धरून मूळ फोटो दाखवीन.

२० मार्च
पंगत उठता उठता अवकाळी आला. भारत ओरडला, "दादा, कडबा!" दोघांनी बॅनर सोडला आणि गंजीवर ताणला. घाईत निळं आभाळ आणि बगळे दुमडून दगडाखाली गेले. वर राहिला तिचा चेहरा. आणि त्यावर खरं आभाळ, पार खाली उतरलेलं.
हाच तो फोटो. मोबाईल धरला. सगळं धूसर. लेन्स पुसली. तरी धूसर. आक्का शेजारी येऊन उभी राहिली. तिने पदर पुढे केला. पदराने पण लेन्स पुसून पाहिली.
लेन्सच खराब आहे. सुग्रीवला दाखवावी लागेल.