पिवळ्या गाडीचं पोट

सोमवार, १० मार्च
जमिनीपासून अकरा सेंटिमीटरवर पोट असलेली गाडी पंधरा सेंटिमीटर खोल खड्ड्यातून कशी काढायची? पाच वर्षं सिव्हिल इंजिनियरिंग शिकले, तरी मला याचं उत्तर येत नाही. अजून येत नाही, असं म्हणू या.

गाडी बाबांची. पिवळी, दोन सीटची, १९७४ची, इथेच ब्राझीलमध्ये बनलेली. अंग सगळं फायबरचं. बाबा पाण्याच्या टाक्या दुरुस्त करतात, त्यामुळे फायबर त्यांच्या हातचा मळ. नऊ वर्षं अंगणात खपून त्यांनी ती उभी केली. ६ एप्रिलला मोठ्या चौकात जुन्या गाड्यांचा मेळावा आहे. तिथल्या तपासनिसांनी गाडी अस्सल ठरवली की काळी नंबरप्लेट मिळते. बाबांना दुसरं काही नको आहे. चौक चार किलोमीटरवर, आणि मध्ये आमची चढाची गल्ली.

स्प्रिंगा उंच करा म्हटलं तर बाबा भडकले. म्हणाले, मग अस्सल काय राहिलं, माझं टक्कल?

मी म्हटलं, रस्ता माझ्यावर सोडा. घरातली पहिली पदवी माझी. तिचा उपयोग आजवर फक्त भिंतीवरचा ओलीचा डाग झाकायला झालाय.

गुरुवार, १३ मार्च
खड्डे मोजले. एक्केचाळीस. सर्वांत मोठा शेजारच्या दोना झुल्मीरांच्या दारात (दोना म्हणजे इथलं 'बाई'). लोकांना दिसावा म्हणून त्यांनी त्यात केळ लावली आहे. मी पट्टी घातली तर ओरडल्या, हात लावू नकोस इंजिनियरीणबाई, पुढच्या महिन्यात घड धरेल!

चौदा पानांची योजना तयार. सहावं पान रंगीत.

उद्यापासून रोज पहाटे साडेपाचला पाहणी.

शुक्रवार, १४ मार्च
आठला उठले. पाऊस होता. म्हणजे नव्हता, पण येऊ शकला असता.

रविवार, १६ मार्च
नगरपालिकेला अर्ज. नागरिकाने मुद्देसूद लिहिलं तर सरकार मुद्देसूद वागतं, यावर माझा विश्वास आहे. कलम एक: खड्डे बुजवावेत. कलम दोन मी स्वतः सुचलं म्हणून घातलं: भरधाव बसना आळा घालावा. पहिली सही माझी. मग दारोदार फिरून एकशे अठरा.

बेकरीवाले जेर्सोंकाका म्हणाले, पोरी, आळा म्हणजे नेमकं काय घालणार गं ते? मी म्हटलं, तो तांत्रिक तपशील आहे.

रविवार, २३ मार्च
उत्तर नाही. दोना झुल्मीरा म्हणाल्या, अर्ज वाचतंय कोण, खड्ड्याचा वाढदिवस करू. आमच्या ब्राझीलमध्ये न बुजणाऱ्या खड्ड्यांचा करतात तसा. केक, मेणबत्ती, फोटो पेपरात. माझा तत्त्वतः विरोध. प्रशासनाची टिंगल करू नये. तरी कुणीतरी जबाबदारीने बोलायला हवं, म्हणून भाषण केलं. वीस मिनिटं. मेणबत्ती वितळून मक्याच्या केकवर सांडली. झुल्मीरा ओरडल्या, आवर गं बाई, खड्डा दोन वर्षांचा होता, तुझं ऐकता ऐकता तीनचा झाला!

बाबांनी दोन तुकडे खाल्ले आणि विचारलं, गाडीचं काय? मी म्हटलं, प्रक्रिया सुरू आहे.

सोमवार, ३१ मार्च
विजय! दुपारी माणसं आली, सगळे खड्डे बुजवले. ऐंशी टक्के श्रेय अर्जाला, वीस केकला. केळ उपटली गेली; झुल्मीरा माझ्याशी बोलत नाहीत. मुकादमाने विचारलं, कलम दोन कुणाचं? मी अभिमानाने हात वर केला. म्हणाला, उद्या करतो.

मंगळवार, १ एप्रिल
केलं. गतिरोधक. आमच्या फाटकासमोर. कागदावर दहा सेंटिमीटर. मी मोजला, सोळा. मुकादम म्हणाला, डांबर उरलं होतं ताई, परत न्यायचं तर तीन फॉर्म भरावे लागतात.

बाबा कॉफीचा कप घेऊन बाहेर आले. आधी गतिरोधकाकडे बघितलं, मग गाडीच्या पोटाकडे. मी त्यांना बसच्या वेगाची आकडेवारी सांगितली. त्यांनी कॉफी संपवली. मग म्हणाले, आज एक एप्रिल ना, पोरी? थट्टाच आहे ना ही?

बुधवार, २ एप्रिल
काढून टाका म्हणता येत नाही. पहिली सही माझीच. शिवाय गल्ली खूश. बस हळू होते, लोक खिडकीतून हात काढून चीजचे पाव मागतात. जेर्सोंकाकांनी गिऱ्हाइकांसाठी बाकडं टाकलंय. आज पहिल्यांदा मला बाजारात कुणीतरी शाबासकी दिली. आनंदात मी मक्याच्या पिठाऐवजी मीठ आणलं.

नवी योजना: गतिरोधकावरून सरळ न जाता तीस अंशात तिरकं. पुरवणी, चार पानं. आकडे चोख आहेत.

शनिवार, ५ एप्रिल
तालीम. बाबा स्टीअरिंगवर, मी पुढे झेंडी घेऊन. पुढची चाकं झकास गेली. मग गाडी पोटावर बसली. कासवासारखी. मागची चाकं हवेत फिरत होती.

सहाजणांनी उचलून मागे घेतली. जेर्सोंकाका म्हणाले, तुझी पदवी वजनाने किती गं? जड असती तर एका बाजूला ठेवली असती, तोल साधला असता. सगळे हसले. बाबा नाही. ते रस्त्यावर पालथे झाले आणि गाडीखाली बघत राहिले. वीतभर ओरखडा.

दुपारभर रसायन कालवून त्यांनी तो भरला. मी म्हटलं, तत्त्वतः योजना बरोबर होती. ते म्हणाले, हो, पोरी. त्या हो-पेक्षा एक थोबाडीत चालली असती.

उद्याचं विचारलं, तर म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. ते एकसष्ट वर्षांचे आहेत. नऊ वर्षं ते पुढच्या वर्षीच बघत आलेत.

रविवार, ६ एप्रिल, सकाळी ७:४०
ट्रकच्या केबिनमध्ये लिहितेय, अक्षर हलतंय.

सहाला उठून गाड्या उचलून नेणाऱ्या ट्रकवाल्याला फोन केला. बाबांना न विचारता. फोन एक मिनिट चालला. त्याने विचारलं, कुठे बंद पडलीये? मी म्हटलं, पडलेली नाही. मग उचलायची कशाला? म्हटलं, मी इंजिनियर आहे. त्याने पुढे काही विचारलं नाही.

बाबा चपला घालून धावत आले. गाडी म्हणजे काय मढं आहे, असं ओरडले. मग ट्रकच्या पाठीवर चढलेली गाडी बघितली, खाली राहिलेला गतिरोधक बघितला, आणि आत गेले. इस्त्रीचा शर्ट घालून आले ते थेट वर चढून स्टीअरिंगवर बसले. ट्रकवाला म्हणाला, काका, वर माणूस चालत नाही. बाबांनी दार लावून घेतलं.

आरशात दिसताहेत. प्रत्येक वळणाला स्टीअरिंग फिरवतात. आधी इंडिकेटर देतात. बसथांब्यावरच्या लोकांना हात करतात.

८:१०
चौकाच्या एक वळण अलीकडे गाडी उतरवून घेतली. मी मागे फुटपाथवर थांबले. शेवटचे दोनशे मीटर बाबा स्वतः चालवत गेले. तिथला रस्ता कसा आहे, ते मी मोजलं नाही.