खिडकीजवळची सीट

२८ जुलै, सोमवार
पहिला श्रावणी सोमवार. लोक कांदा-लसूण सोडतात, मी राग सोडला. कारण बालवाडीचा फॉर्म. बटण लावता येतं का, रंग ओळखते का, इथपर्यंत ठीक. पण ‘घरी पालक ओरडतात का?’ हा काय प्रश्न झाला? साडेतीन वर्षांच्या पोरीच्या प्रगतीशी याचा संबंध काय? मी ठळक अक्षरात ‘नाही’ लिहिलं. मंजुश्री हसली. बायकोनं हसावं असं त्यात काय होतं, विचारलं. तर म्हणाली, हळू विचारा की, पोरगी उठंल. घरातच असे शत्रू असल्यावर माणसानं शांत राहायचं कसं? तरी राहणार. श्रावणभर सृष्टीवर आवाज चढवायचा नाही. फायनल.
सृष्टीची प्रगती: फ्रॉकची बटणं स्वतः लावली. सगळी एकेक भोक खाली. काही बोललो नाही. नुसतं बघितलं. तेवढ्यानं रडायचं काय कारण?

३० जुलै, बुधवार, सकाळी ८
सोफ्याची एसटी झाली आहे. निलंगा ते लातूर. सृष्टी कंडक्टर. प्रवासी: मंजुश्री, माझी आई म्हणजे अव्वा, एक टेडी, दोन उशा. तिकिटांसाठी माझ्या खताच्या दुकानाचं कोरं बिलबुक फाडलं. ओरडलो नाही. फक्त कडक आवाजात समजावलं. अव्वा म्हणाली, पलीकडच्या शंकरप्पाला बी समजलं बग. म्हातारी माणसं उगीच वाढवून सांगतात.

३१ जुलै, गुरुवार
पेपर वाचायला सोफ्याच्या खिडकीकडच्या टोकाला बसायला गेलो, तर तिथं रुमाल. सृष्टी म्हणाली, सीट धरलेली हाय. कुणासाठी? सांगणार न्हाई. सोफा माझा, रुमाल माझा, खिडकीसुद्धा माझीच, आणि मी उभा!
ही विद्या अर्थात ती माझ्याकडूनच शिकली. मागच्या महिन्यात लातूरला जाताना स्टँडवर मी खिडकीतून रुमाल टाकून सीट धरली होती. त्यावर एक माणूस बसला, त्याला उठवलं. भांडून नव्हे. फक्त मोठ्यानं. पोरगी एकदा बघून शिकते. प्रगतीत लिहिलं.

५ ऑगस्ट, मंगळवार
रुमाल अजून तिथंच. सहा दिवस पेपर उभ्यानं वाचतो आहे. कोण आहे हा प्रवासी? टेडी नाही, टेडी टपावर बसतो. अव्वा पिशवी घेऊन मागच्या सीटवर असते. संशय शंकरप्पावर. तो पोरीला चॉकलेटं देतो. जाऊन स्पष्ट सांगितलं की चॉकलेटं बंद. तो म्हणाला, बाबा, मी गुरुवारपासनं उदगीरला लेकीकडं होतो, कालच आलो. मग आधी सांगायचं ना! त्यालाही समजावलं.
सृष्टीवर मात्र आज एकदाही नाही. ती दिवसभर मामाकडे होती.

११ ऑगस्ट, सोमवार, रात्री ९
उपवास. त्यात दुकानात रेवणप्पानं एका पोत्यासाठी तासभर डोकं खाल्लं. घरी आलो आणि सरळ रुमालावर बसलो. सृष्टी किंचाळली, ऊठ, ते येणारेत! मी एकदाच म्हणालो की इथं कुणी येणार नाही, सीट रिकामी आहे, आणि ही एसटी नाही, सोफा आहे. एकदाच. पण ताटवाटी हलली असं मंजुश्रीचं म्हणणं. ताट काठावर कुणी ठेवलं होतं, ते नाही बोलणार.

१४ ऑगस्ट, गुरुवार
तीन दिवस झाले. मी दारात आलो की बस बंद. तिकिटं पोटाशी धरून कंडक्टर अव्वाच्या मागे. अव्वा सांगते, पोरगी वीसपर्यंत मोजायली, पंधरा तेवढा गाळती. मला म्हणून दाखवत नाही. फॉर्मवर बरोबरची खूण कशाच्या आधारावर करू?
याचा भयंकर राग आला. खरं लिहायचं तर वाईट वाटलं. कुणालाही घेते बसमध्ये. उशी घेते.
नवा प्लॅन: ओरडणं बंद, समजावणंही बंद. सोमवारी तिकीट काढून प्रवासी म्हणून चढणार. माझ्यासारखा प्रवासी तिनं बघितला नसेल.

१८ ऑगस्ट, सोमवार, संध्याकाळी ७
चपला बाहेर काढल्या. पिशवी घेतली. दारातूनच हळू विचारलं, कंडक्टर, लातूरला जागा हाय का? तिनं आधी माझी पिशवी बघितली. म्हणाली, हुबं ऱ्हावं लागंल. चालेल म्हणालो. तिकीट फाडून दिलं. माझ्याच बिलबुकाचं. गप्प घेतलं. बेल मारली, बस निघाली, मंजुश्री तोंडाला पदर लावून बसली होती, तिच्याकडेही दुर्लक्ष केलं.
वाटेतलं औसा गेल्यावर अगदी हळू विचारलं, ही सीट कुणाची ओ? या खेपेला सांगितलं तिनं. पप्पाची.
मला इतका आनंद झाला की बसायलाच निघालो. तिनं हात आडवा लावला. म्हणाली, तू न्हाई. दुसरे पप्पा. ते वरडत न्हाईत.
कधी येणार ते, विचारलं. म्हणाली, म्हाईत न्हाई. रोज धरती मी सीट.
लातूरपर्यंत उभा राहिलो. कुणावर ओरडावं, ते सुचलं नाही.